शिशाचं रान आणि हंगरगे मॅडम

हंगरगे मॅडमची आणि माझी पहिली भेट नांदेडला, एम.एस्सी.च्या पहिल्याच तासाला झाली. सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गात आम्ही नवीन मुलंमुली कोऱ्या वह्या उघडून बसलो होतो. मॅडम आत आल्या त्या दोन हातांत स्टीलचे दोन पेले घेऊन. आम्हाला वाटलं, चहा असावा. दोन्ही पेल्यांत माती होती. पेले पहिल्या बाकावर ठेवून त्या म्हणाल्या, "वास घ्या आणि मागं द्या."

पेले फिरत फिरत माझ्यापर्यंत आले. पहिल्यातल्या मातीला आमच्या लोह्याकडच्या रानात नांगरट चालू असताना येतो तसा वास होता. दुसरीला काहीच वास नव्हता. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, ही वाळलेली आहे." मॅडम म्हणाल्या, "दोन्हींत सकाळी मी सारखंच पाणी घातलंय." दुसरा एक जण म्हणाला, "मग जुनी असेल." यावर मॅडमनी त्याच्याकडं पाहून अगदी मनापासून विचारलं, "माती जुनी होते का हो?" त्यांना खरोखरच त्याचं मत हवं होतं, हे त्या मुलाला कळेना आणि तो मुकाट्यानं खाली बसला.

तासाच्या शेवटी त्यांनी एवढंच सांगितलं, की आपण ज्याला मातीचा वास म्हणतो तो मातीतल्या सूक्ष्मजीवांचा असतो. पहिली माती त्यांच्या वडिलांच्या रानातली, शिरूर अनंतपाळ तालुक्यातली होती. दुसरी एका बंद पडलेल्या पत्र्याच्या शेडजवळची होती आणि तिच्यात जीव फार थोडे उरले होते. "का उरले नाहीत, कोणते गेले, कोणते राहिले, हे मला पुरतं माहीत नाही. म्हणून तर तुम्हाला बोलावलंय," असं म्हणून त्या पेले उचलून निघून गेल्या. वसतिगृहात आल्यावर मी मैत्रिणीला म्हटलं, "ज्यांचं त्यांनाच माहीत नाही, त्या आपल्याला काय शिकवणार?" पुढं त्याच मैत्रिणीनं हे वाक्य माझ्या लग्नात मॅडमना ऐकवलं. मॅडम इतक्या हसल्या, की हातातल्या अक्षता सांडल्या.

डॉ. सरोजिनी हंगरगे मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी त्यांच्या संशोधनकार्यावर लिहावं, असं संपादकांनी कळवलं. मॅडमचे शोधनिबंध, त्यांची पदं आणि त्यांना मिळालेले सन्मान यांबद्दल इतर मंडळी लिहितीलच, आणि ते माझ्यापेक्षा नीटनेटकं लिहितील. मला एका रानाबद्दल लिहायचं आहे. मॅडम काय काम करतात आणि कशा माणूस आहेत, या दोन्ही गोष्टी मला त्या रानात कळल्या.

ते रान लोहा तालुक्यातल्या एका गावाच्या शिवारात आहे. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. 'तिथली जमीन बाटली आहे' एवढं पसरलं, तरी त्या गावचं दूध कुणी घेत नाही आणि पोरींच्या सोयरिकी अडतात. रान दत्तराव आणि त्यांच्या पत्नी मथुराबाई यांचं. त्यांच्या बांधाला लागून बाहेरगावच्या कुणीतरी जागा भाड्यानं घेऊन पत्र्याची शेड टाकली होती. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतलं शिसं वितळवण्याचं काम तिथं चालायचं. काही वर्षांनी ती माणसं रातोरात पत्रेसुद्धा काढून घेऊन गेली. मागं राहिली ती काळवंडलेली माती. शेडमधलं पाणी उतारानं दत्तरावांच्या रानात जात होतं. पीक पिवळं पडायला लागलं, बांधावर चरणारी म्हैस आजारी पडून मेली, तेव्हा दत्तरावांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून पिशवीभर माती नांदेडला आणली. वर्गात दुसऱ्या पेल्यात होती ती हीच माती.

त्या रानात मी मॅडमबरोबर पहिल्यांदा गेले, तेव्हा मथुराबाईंनी पाणी दिलं आणि पेला परत घ्यायच्या आधीच विचारलं, "ह्या रानातली भाकर लेकरायच्या तोंडात कवा घालू, तेवढं सांगा. बाकी तुमचं इंग्रजी मला समजत न्हाई." मॅडम म्हणाल्या, "आज घालू नका. कधी, ते मला अजून माहीत नाही. पण कळलं की सगळ्यांत आधी तुम्हाला सांगेन." त्या दिवसापासून आजपर्यंत मॅडमच्या सगळ्या कामाच्या पाठीशी हा एकच प्रश्न आहे. निवृत्तीच्या थोडं आधी सुरू झालेलं हे काम निवृत्तीनंतरही सुटलं नाही, ते त्यामुळंच.

या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. शिसं हा धातू आहे. शेणखत कुजतं, पालापाचोळा कुजतो, काही कीटकनाशकंही जिवाणू खाऊन संपवतात. शिसं मात्र कुणी खाऊन संपवू शकत नाही. ते एका जागेवरून दुसऱ्या जागी जातं किंवा आहे तिथं बसून राहतं. मग त्याला हलवायचं कुणी आणि बसवायचं कुणी? इथं झाडाची मुळं आणि मुळांभोवतीची मंडळी येतात. झाड मुळांतून नुसतं पाणी ओढत नाही. साखर, आम्लं अशा कितीतरी गोष्टी ते मुळांवाटे मातीत सोडत असतं. त्या खायला जिवाणू आणि बुरश्या जमतात. मुळाला लागून असलेल्या मातीच्या पातळ थरात जेवढी वर्दळ असते, तेवढी हातभर लांबच्या मातीत नसते.

ही मंडळी फुकट जेवत नाहीत. कुणी झाडाला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मिळवून देतं. विषारी मातीत झाड घाबरलं, की स्वतःचीच वाढ रोखणारा एक वायू तयार करतं. काही जिवाणू त्या वायूचा कच्चा माल आधीच फस्त करतात आणि मूळ वाढत राहतं. काही जिवाणू आम्लं सोडून मातीला घट्ट चिकटलेलं शिसं मोकळं करतात, मग ते झाडात चढतं. काही बुरश्या नेमकं उलटं करतात. त्या शिशाला मुळापाशीच अडकवून ठेवतात. कोण काय करतं आणि का करतं, हे शोधण्यात मॅडमचं आयुष्य गेलं. त्यांची पद्धतही साधी. झाड मुळासकट उपटायचं, जोरात झटकायचं. जी माती खाली पडते ती सोडून द्यायची आणि झटकूनही जी मुळाला धरून राहते ती ब्रशनं बशीत काढून घ्यायची. नवीन मुलं हळूच झटकायची, नमुना जास्त मिळावा म्हणून. मॅडम झाड त्यांच्या हातातून घेऊन असं झटकायच्या, की मुलांच्या चष्म्यावर माती उडायची. त्या म्हणायच्या, "नमुना कमी पडू दे, खोटा नको."

पहिला बेत असा होता, की शिसं झाडावाटे बाहेर काढायचं. आमच्या चुनखडी मिसळलेल्या काळ्या जमिनीत शिसं फार घट्ट बसतं, त्यामुळं त्याला मोकळं करणारे जिवाणू हवे होते. त्या रानात जे थोडंफार गवत तग धरून होतं, त्याच्याच मुळांवरून मॅडमनी ते शोधून काढले. झाड कोणतं लावायचं, हा प्रश्न आला तेव्हा त्यांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, "अंबाडी." भराभर वाढते, पाणी कमी लागतं, मुळं खोल जातात, आणि आपल्या मातीची आहे. बियाणं गुळाच्या पाण्यात त्या जिवाणूंसह घोळून आम्ही पेरलं. अंबाडी अशी वर आली, की दत्तराव रोज संध्याकाळी बांधावर येऊन नुसते उभे राहायचे. पानांमध्ये शिसं चढत होतं. माझ्या प्रबंधाचा विषय हाच होता, त्यामुळं मी तर हवेतच होते.

भाद्रपदात एके दिवशी आम्ही नमुने घ्यायला गेलो, तर रस्त्याकडच्या ओळींचे शेंडे गायब. मी म्हटलं, "शेळ्या शिरल्या वाटतं." मॅडम वाकल्या, एक देठ डोळ्यांजवळ धरला आणि तशाच खाली बसल्या. म्हणाल्या, "शेळीनं खाल्लं तर चिंधड्या होतात. हे नखानं खुडलंय."

मराठवाड्यात जन्मलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. कवळी अंबाडी दिसली आणि हात गेला नाही, अशी बाई आमच्याकडं सापडायची नाही. आणि दुसऱ्याच्या रानातली मूठभर भाजी खुडायला परवानगी मागायची असते, हे आमच्याकडं कुणाला ठाऊकच नाही. 'प्रायोगिक क्षेत्र, प्रवेश निषिद्ध' अशी पाटी आम्ही लावली होती. पण ती वाचून जे थांबतील त्यांना अंबाडीची भाजी आवडत नसणार. शिरूर अनंतपाळच्या शेतकऱ्याची लेक असलेल्या मॅडमना हे सुचायला हवं होतं. अंबाडी त्यांना सुचली तीच मुळी लहानपणापासून ताटात पाहिलेली म्हणून, आणि ताट तेवढं त्या विसरल्या.

शिसं चढलेली भाजी कुणी कुणी खाल्ली, हे तातडीनं कळायला हवं होतं. सरपंचांनी दवंडी द्यायची तयारी दाखवली. मॅडम नको म्हणाल्या. नांदेडच्या मॅडमनी चौकशी लावली म्हटल्यावर कोण कबूल होणार? त्या दुपारी त्या मारुतीच्या ओट्यावर जाऊन बसल्या. शेंगा फोडत बसलेल्या बायकांच्या घोळक्यात त्यांनीही मूठभर शेंगा ओढल्या आणि म्हणाल्या, "आमच्या शिरूरकडं अंबाडीत कण्या घालतात. तुमच्याकडं काय?"

"आमी तुरीची डाळ घालताव," एक जण म्हणाली.

"डाळीनं चिकट हुतीय. कण्याच बऱ्या," दुसरी म्हणाली. "आन् लसणाची फोडणी वरून."

यावर वाद सुरू झाला. लसूण ठेचायचा की चिरायचा, तेल कच्चं घ्यायचं की कडवून. मॅडम प्रत्येकीला विचारत होत्या आणि खरोखर मन लावून ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "यंदा केली का भाजी? बरी झाली होती?"

"लई कवळी हुती, अक्का. तोंडात इरघळली."

"कुणाच्या रानातली?"

एकदम सगळ्यांचं लक्ष शेंगांत गेलं. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "दत्तरावच्या. तुमीच तर लावलाव. पाटी हाय म्हनं. पाटीवर अंबाडीचं नाव कुठं हाय?"

मॅडमनी शेंगा खाली ठेवल्या. भाजीत काय असू शकतं ते त्यांनी त्या बायकांना सरळ, घाबरवून न सोडता आणि काही न लपवता सांगितलं. मग म्हणाल्या, "यात तुमची चूक नाही. ताटात येणारं झाड मी विषाच्या रानात लावलं. चूक माझी आहे." त्यानंतर बायकांनी आपणहून एकमेकींची नावं सांगितली. कुणाच्या घरात किती लेकरं जेवली तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्या सगळ्यांना जीपमध्ये घालून नांदेडच्या दवाखान्यात नेलं आणि रक्त तपासून घेतलं. अहवाल येईपर्यंत त्यांना जेवण गेलं नाही, हे मी पाहिलं आहे. सुदैवानं काळजीसारखं काही निघालं नाही. अहवाल घेऊन त्या स्वतः घरोघरी गेल्या.

आणि मग त्यांनी सगळी अंबाडी उपटायला लावली. हंगाम संपायला थोडेच दिवस राहिले होते. मला फार राग आला. मी म्हटलं, "मॅडम, राखणीला माणूस ठेवू. माझे नमुने तरी पूर्ण होऊ देत." त्या म्हणाल्या, "तुझे नमुने पूर्ण होतील, हे खरं आहे रेखा. राखणदाराच्या घरी अंबाडीची भाजी होईल, हेही खरं आहे." जाळली तर शिसं धुरात जाणार, कुजवली तर परत मातीत, म्हणून ती अंबाडी पोत्यांत बंद करून विभागाच्या कोठारात ठेवली. विभागप्रमुख दर आठवड्याला विचारायचे, हा कडबा इथं किती दिवस राहणार. माझ्या प्रबंधाचं दीड प्रकरण त्या पोत्यांत होतं. वर्षभर मी मॅडमशी कामापुरतंच बोलत होते. त्यांनी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. नव्या प्रयोगाची आखणी मात्र रोज मी यायच्या आधीच त्यांनी तयार ठेवलेली असायची.

नवं झाड ठरवायला त्या वर्षी दत्तरावांच्या अंगणात जी बैठक झाली, तेवढी शिकवणारी परिषद मी नंतर कुठंही पाहिली नाही. मॅडमची अट एकच होती. त्या झाडाचा कुठलाही भाग, कुठल्याही निमित्तानं, कुणाच्याही तोंडात जाता कामा नये. त्या एकेक झाडाचं नाव घेत होत्या आणि गावकरी त्याचा उपयोग सांगत होते. झेंडू म्हटला, तर दसऱ्याला तोरणं, आणि तीच फुलं मग गुरं खातात. मोहरी म्हटली, तर पाल्याची भाजी. सूर्यफूल म्हटलं, तर पोरं बिया सोलतात. वाळा मॅडमना फार पसंत होता, मुळांचं जाळंच जाळं. पण कुणीतरी म्हणालं, "उन्हाळ्यात वाळ्याची जुडी माठात टाकत्यात की." मॅडम कपाळाला हात लावून हसल्या. शिसं धरलेली मुळं थेट प्यायच्या पाण्यात! आपल्याकडं बिनकामाचं झाड नाहीच, या शोधानं त्यांना इतका आनंद झाला, की बैठक कशासाठी आहे ते त्या विसरल्यासारख्या दिसत होत्या.

शेवटी एरंड उरला. गुरं तोंड लावत नाहीत, माणूस खात नाही, उन्हात तग धरतो. दत्तराव म्हणाले, "म्हंजी ओसाड गावी एरंड बळी म्हनायचं." मॅडम म्हणाल्या, "हो. आणि त्याचंही काही निघालं तर आत्ताच सांगा." निघालंच. होळीच्या मध्यभागी आमच्याकडं एरंडाची फांदी रोवतात आणि धुळवडीला ती राख कपाळाला लावतात. तेव्हा त्या रानातला एरंड होळीला तोडायचा नाही आणि त्याच्या बियांचं एरंडेलही काढायचं नाही, असं ठरलं. नुसतं ठरवून भागत नाही, हे मॅडम अंबाडीवरून शिकल्या होत्या. त्यांनी नांदेडच्या घराच्या मागच्या अंगणात एरंड लावला. तेव्हापासून दर होळीला त्या गावची फांदी मॅडमच्या घरून जाते. आता तो रिवाजच झाला आहे. तरुण पोरांना तर वाटतं, पूर्वीपासून असंच आहे.

झाडाबरोबर त्यांनी प्रश्नही बदलला, आणि मला वाटतं हे त्यांचं सगळ्यांत मोठं काम. शिसं ओढून काढायचं म्हणजे ते मोकळं करायचं. मोकळं झालेलं शिसं पाल्यात जातं, पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीकडंही जाऊ शकतं. म्हणून त्यांनी ठरवलं, की आता शिसं जागेवरच बसवायचं. त्यासाठी स्वतः शोधलेले, नावाजलेले जिवाणू त्यांनी बाजूला ठेवले. ज्यांच्यावर त्यांचे निबंध गाजत होते तेच हे जिवाणू. एरंडाच्या मुळांवर शिसं अडवून धरणाऱ्या बुरश्या आणि आम्ल कमी सोडणारे जिवाणू यांचा शोध त्यांनी पहिल्यापासून सुरू केला. तेव्हा त्या निवृत्तीच्या उंबरठ्यावर होत्या. मी विचारलं, "मॅडम, वाईट नाही वाटत?" म्हणाल्या, "वाटतं ना. पण हे नवीन लोक काय करतात ते बघायची घाईही झालीय."

निवृत्तीनंतर त्यांची प्रयोगशाळा गेली. तोवर मी लातूरच्या महाविद्यालयात लागले होते. मग मॅडम मातीचे डबे पिशवीत भरून एस.टी.नं लातूरला येऊ लागल्या. एकदा कंडक्टरनं पिशवी उचलून पाहिली आणि विचारलं, "मावशी, काय हाय एवढं जड?" मॅडम म्हणाल्या, "माती." तो म्हणाला, "लातूरला माती न्हाई का?" त्यावर मॅडमनी त्याला अहमदपूर येईपर्यंत मुळांभोवतीच्या जिवाणूंबद्दल सांगितलं. त्यानं तिकिटं फाडायचं काम मधूनमधून केलं, असं त्या स्वतःच सांगतात. हल्ली तो मार्गावर असला, की डबे स्वतःच्या सीटखाली ठेवतो.

एक घरगुती गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझी मुलगी तान्ही होती, तेव्हा सासूबाईंचं म्हणणं होतं की आता हे मातीचं वेड पुरे. मॅडम घरी आल्या तेव्हा त्यांनी याबद्दल चकार शब्द काढला नाही. जाताना आमच्या तुळशीच्या मुळाचा एक धागा मागून नेला. पुढच्या खेपेला डिंकाचे लाडू आणि सूक्ष्मदर्शक घेऊन आल्या. तो धागा रंगवून त्यांनी काचपट्टीवर घेतला होता. "तुमच्या तुळशीत कोण राहतं ते बघा," असं म्हणून त्यांनी सासूबाईंना खुर्चीवर बसवलं. मुळाच्या आत बुरशीचे निळे धागे आणि झाडाच्या फांद्यांसारखे त्यांचे फाटे दिसत होते. सासूबाई कितीतरी वेळ डोळा लावून बसल्या. उठल्या तेव्हा म्हणाल्या, "रोज पाणी घालताव, पन एवढं बिऱ्हाड हाय म्हनून ठावंच नव्हतं." रात्री भाकरी थापताना त्यांनी मला सांगितलं, "तू जात जा मॅडमकडं. लेकराला मी बघते." माझं त्यानंतरचं सगळं काम त्या एका काचपट्टीवर उभं आहे, आणि त्याबद्दल मॅडमचे आभार मानायची संधी मला आज मिळते आहे.

मॅडमचा सर्वांत न आवडणारा गुणही लिहायला हवा. त्या कुणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीत. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी त्यांचा सत्कार होता. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सांगून टाकलं, की मॅडमच्या जिवाणूंनी शिसं खाऊन टाकलं आणि विषारी रान सोन्यासारखं केलं. टाळ्या झाल्या. मॅडम उत्तराला उठल्या आणि गळ्यात हार तसाच ठेवून म्हणाल्या, "पाहुण्यांचे आभार. पण शिसं कुणी खाल्लेलं नाही. ते सगळं तिथंच आहे. आम्ही त्याला फक्त बसायला सांगितलंय, आणि ते किती दिवस बसेल ते बघतोय." पाहुण्यांचा चेहरा उतरला. संयोजक नंतर मला म्हणाले, "तुमच्या मॅडमला सत्कार घेता येत नाही." मला त्यांचं म्हणणं पटलं.

आता या वर्षीचं सांगते. ते रान आज हिरवं आहे. एरंड माणसाच्या वर गेला आहे, त्याच्या सावलीत गवत आलं आहे, गांडुळं दिसतात, पाखरं उतरतात. रस्त्यानं जाणारा येणारा दत्तरावांना म्हणतो, "झालं की आता चांगलं. पेरा." शेडच्या जागेपासून सगळ्यांत लांबच्या कडेला मॅडमनी चाचणीसाठी ज्वारीची एक ओळ घेतली होती. दाणे तपासायला पाठवले होते. चैत्रात अहवाल आला आणि आम्ही दोघी तो घेऊन गावाला गेलो. मॅडमना आता काठी लागते. बांधावरून अंगणापर्यंत यायला त्यांना वेळ लागला. मथुराबाई दारातच उभ्या होत्या. त्याही म्हाताऱ्या झाल्या आहेत.

"काय निघालं, अक्का?"

"पहिल्यापेक्षा कमी झालंय. पण दाणा खाण्याजोगा नाही."

"औंदा बी न्हाई?"

"औंदाही नाही." मॅडम ओट्यावर टेकल्या. मग म्हणाल्या, "कळलं की आधी तुम्हाला सांगेन असं म्हटलं होतं. कापूस घ्या, एरंड ठेवा. पण या रानातली भाकरी तुमच्या-माझ्या हयातीत खाता येईल, असं मला वाटत नाही."

बाजेवर बसून ऐकणारे दत्तराव उठून गोठ्याकडं गेले. मॅडम मान खाली घालून बसल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कुठल्याच उत्तरापुढं असं बसलेलं पाहिलं नव्हतं. मथुराबाई आत गेल्या, चहा घेऊन आल्या. कप मॅडमच्या हातात देऊन समोर बसल्या.

"अक्का, मी रागावले न्हाई," त्या म्हणाल्या. "गाव म्हनतंय पेरा. जावई म्हनतोय पेरा. सायेब लोक येतेत, फोटू काढतेत, ते बी म्हनतेत झालं की आता. तुमी एकट्या 'न्हाई' म्हनत राहिल्या. तुमी हाव तवर माझी नातवंडं वाचली. तुमच्या मागं कुनी बी येईल आन् मला बरं वाटावं म्हनून 'व्हय' म्हनून टाकंल."

मथुराबाईंनी मॅडमच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तवा ह्याला तेल लावत जावा. तुमाला जगायचं काम हाय."

मॅडम, गौरवग्रंथातल्या लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं, आणि तुमच्या शेकडो विद्यार्थ्यांच्या वतीनं मी ते चिंतणारच होते. पण मथुराबाईंनी सांगितलेल्या कारणापुढं आमच्या शुभेच्छा अपुऱ्या आहेत. तुम्ही आम्हाला 'नाही' म्हणायला शिकवलंत, तरी ते अजून आम्हाला तुमच्यासारखं जमत नाही. जमेपर्यंत तुम्ही हव्या आहात. डोळे शाबूत राहोत, गुडघे चालते राहोत, भूक आणि झोप चांगली लागो. पुढच्या चैत्रातही मथुराबाई दारात उभ्या राहून विचारतील, आणि ते 'नाही' त्यांना तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे.